रिकाम्या बरणीतला चमचा

आमचे मालक फौजेतून सुभेदार होऊन परत आले ते एक सवय घेऊनच, नाताळच्या केकचा सुका मेवा रममध्ये भिजत घालायची. केक मी शिकले आसामात, शेजारच्या क्वार्टरमधल्या बाईकडून. पण बरणी कायम यांच्या ताब्यात. दसरा झाला की तासगावचा बेदाणा, काजू, टुटीफ्रुटी, संत्र्याची साल, सगळं काचेच्या मोठ्या बरणीत जायचं, वरून कँटीनची रम. मग रोज पहाटे लांब दांड्याचा चमचा घालून ढवळायचं. काचेवर चमचा वाजला की मला जाग यायची. कितीदा म्हटलं, अहो हळू, शेजारी झोपलेत. "शेजाऱ्यांना फुकटचा केक चालतोय, आवाज चालत न्हाई व्हय?" म्हणायचे.

विश्रामबागेत घर बांधल्यावर मी डिसेंबरात केकच्या ऑर्डरी घ्यायला लागले. मिरजेच्या दवाखान्यांतल्या नर्सबाई ठरलेलं गिऱ्हाईक. केकवर मी पिठीसाखरेचा बर्फ भुरभुरायचे, कडेनं चेरी लावायचे, आणि मालक शेजारी उभे राहून खोड काढायचे. "बर्फ एवढा पांढरा नसतो गं. आमच्या बुटाखाली मळका व्हायचा." दरवर्षी तेच. ऐकून ऐकून डोकं उठायचं माझं.

गेल्या दिवाळीच्या तोंडावर मालक गेले. पहाटे बरणी ढवळली, चहा घेतला, पेपर घेऊन खुर्चीत बसले, ते बसलेच.

मग खटावकडच्या आमच्या गावाहून आत्या माझ्याकडे राहायला आल्या. सासूला आमच्यात आत्या म्हणतात. माळकरी बाई, गळ्यात तुळशीची माळ लहानपणापासूनची. अंड्याचं भांडं वेगळं ठेवायला लावायच्या. बरणीच्या कपाटाकडे पाठ करूनच बसायच्या. "त्या दारूला मी शिवायची न्हाई," हे मुलाला तोंडावर सांगितलेलं.

तेरावा झाला, पाहुणे पांगले, आणि एका पहाटे मला जाग आली ती चमच्याच्या आवाजानं.

तशीच पडून राहिले. आवाज थांबल्यावर कधीतरी धीर करून स्वयंपाकघरात गेले, तर कोणी नाही. बरणी जागच्या जागी. पण आतले बेदाणे अजून हळूहळू खाली बसत होते, आणि घरभर रमचा वास.

दुसऱ्या दिवशी तेच. तिसऱ्या दिवशी तेच. मी काही भित्री नाही, फौजी माणसाची बायको, कितीतरी वर्षं एकटीनं संसार रेटलाय. पण उठून बघवत नव्हतं. कोणी दिसलं तर काय करू, आणि नाही दिसलं तर काय करू, दोन्ही नको होतं मला. नंतर नंतर तर मी आवाजाच्या आधीच जागी होऊन वाट बघत पडायला लागले.

नर्सबाईंचा फोन आला, यंदा केक करणार ना? वर्ष होईपर्यंत घरात गोडधोड करत नाहीत, असं सांगून मोकळी झाले. खरं कारण वेगळं होतं. त्या बरणीत मालकांच्या हातचं शेवटचं उरलं होतं. केक केला की संपलं. नवऱ्याच्या हातचं शेवटचं असं कापून वाटून टाकायचं, हे माझ्या मनाला पटेना.

मग एका पहाटे खोकल्याची अशी उबळ आली की पाण्यासाठी उठावंच लागलं. स्वयंपाकघराच्या दारात पाय अडखळले. खिडकीच्या कडीला तुळशीची माळ अडकवलेली. आणि आत्या नाकाला पदर लावून, टाचा उंचावून, बरणीत चमचा फिरवत होत्या.

"आत्या, तुम्ही?"

त्या दचकल्या नाहीत. "रोज कानात येतंय गं. आये, बरणी हलीव, खराब हुईल. मग काय करू?"

"माळ काढून?"

"घालती की परत. माळ कुठं जाती. त्यो गेला."

मी तिथंच फरशीवर बसून रडले. रागही आला. आईच्या कानात येतात, आणि बायको रोज जागी पडून असते तिच्या नाही.

"त्यो केक कर आता," आत्या म्हणाल्या.

"वर्ष व्हायचंय, आत्या. गोड कसं करू?"

"गोड आपण करायचं न्हाई. ह्ये त्येनं केलंया. तू निस्तं भाजायचं."

नाताळच्या आदल्या दिवशी बरणी खरवडून रिकामी केली. केक फुगेपर्यंत आत्या ओव्हनच्या काचेसमोर स्टूल टाकून बसल्या. गार झाल्यावर मी पिठीसाखरेत थोडा कोको मिसळला आणि मळका बर्फ भुरभुरला. घ्या, झालं समाधान, असं मोठ्यानं म्हटलं. नर्सबाईंना केक पोचवले. बरणी घासून, पुसून, परत कपाटात ठेवली.

दुसऱ्या दिवशी पहाटे चमचा वाजला. या वेळी आवाज मोठा होता, पोकळ, नुसता काचेचा. मी लगेच उठले. माळ कडीला. आत्या रिकाम्या बरणीत चमचा फिरवत होत्या.

"आत्या, संपलं त्यातलं सगळं."

"मला ठावं हाय," त्या म्हणाल्या. हात थांबला नव्हता. "त्येला कुठं ठावं हाय?"

मी डब्यातले बेदाणे काढून बरणीत ओतले. मालकांच्या बाटलीत तळाशी उरली होती ती रम ओतली. आवाज पुन्हा ओळखीचा झाला. मग त्यांच्या हातातला चमचा घेतला, कडीची माळ काढून त्यांच्या गळ्यात घातली.

"उद्या तुम्ही उठू नका, आत्या," म्हटलं. "उद्या त्यांना मला हाक मारू दे."