दुसरी खूण येईपर्यंत

नाना गेल्याची बातमी मला कळली, ती मीच त्यांना काढून दिलेल्या व्हॉट्सॲप ग्रुपवर. शाळेची मधली सुट्टी होती, डबा नुकताच उघडला होता. किशोरनं, म्हणजे नानांच्या मुलानं, एवढंच लिहिलं होतं, ‘नाना गेले. लवकर निघा.’ आणि त्याच्या जरा वर, त्याच दिवशी सकाळी आलेला नानांच्या आवाजातला निरोप होता... “उठनात का रे बठ्ठा? च्या पिधा का?” सगळे उठले का, चहा प्यायले का, ही त्यांची रोजची चौकशी. तिला मी रिक्षात बसल्याबसल्या ‘पिधा’ असं उत्तरही दिलं होतं. डबा तसाच झाकला आणि जळगावहून धुळ्याची एसटी धरली. वाटेत तो निरोप पुन्हा ऐकावासा वाटत होता, पण कानाला लावायचा धीर काही झाला नाही.

नाना माझे सख्खे काका. वडील मी लहान असतानाच गेले, त्यामुळे माझं कन्यादान नानांनीच केलं. सोनगीरच्या किल्ल्यावर चढलं की खाली शेतांमध्ये आमचं गाव दिसतं. एके काळी त्या घरात पंगत दोनदा बसवावी लागे. मग कोणी सुरतेला गेलं, कोणी पुण्याला, कोणी नाशकात फ्लॅट घेतला, आणि घरात उरले नाना, किशोर आणि किशोरची बायको सुशीला. नानांचं त्याबद्दल फारसं म्हणणं नसे. ‘पोटामागे जानं पडस’ म्हणत आणि विषय संपवत. फक्त श्रावण जवळ आला की ते बेचैन व्हायचे. श्रावणात आमच्याकडे कानबाई, म्हणजे आमची खान्देशी देवी बसते. घरातल्या प्रत्येक माणसाच्या नावानं एकेक मूठ गहू काढायचे, ते दळून प्रसादाचे रोट करायचे आणि ते घरच्यांनीच संपवायचे. बाहेरच्याला रोट द्यायचा नाही. खाणारे कमी आणि रोट जास्त, असं दरवर्षी व्हायला लागलं होतं. ओसरीवरची अर्धी रिकामी पंगत बघून नाना दुसऱ्यांदा काही वाढून घेत नसत.

त्या घराची मी लेक, आमच्या बोलीत आंडेर, पण लग्न झालेली. आमच्या रितीप्रमाणे अशा लेकीची मूठ निघत नाही, तिनं रोट खायचा नसतो. ती दुसऱ्या कुळाची झाली. मी कानबाईला जायची, फुगड्या घालायची, गाणी म्हणायची आणि पंगत बसली की पाण्याचा तांब्या घेऊन वाढायला उभी राहायची. कोणी मला काही बोललं असं नाही. पण तो तांब्या हातात घेतला की दरवर्षी काहीतरी टोचायचं, हे खरं.

एकदा दिवाळीत नानांनी किशोरचा जुना स्मार्टफोन माझ्यापुढे ठेवला. तोवर त्याचा उपयोग वेळ बघण्यापुरता होता. म्हणाले, “बाई, तू पोरेस्ले शिकाडस. माले शिकाड. ह्यामा बठ्ठं घर येई का?”

आता मी शाळेत पोरांना शिकवते ती छडी न घेता, पण नानांना शिकवताना मला छडीची आठवण झाली हे कबूल केलंच पाहिजे. सरकी टोबताना बोट मातीत खुपसतात, तसा ते अंगठा काचेवर खुपसायचे. फोन दाद देत नसे. “नाना, हलकं टेकवा,” म्हटलं की म्हणायचे, “हलकं टेकाडं तर त्याले समजी का?” व्हिडिओ कॉल आला की फोन कानाला लावायचे आणि पुण्याच्या नातवाला अर्धा तास आजोबांचा कान दिसायचा. पण चिकाटी अशी की दोन दिवसांत आवाजाचे निरोप पाठवायला शिकले. लिहिण्याच्या भानगडीत ते पडलेच नाहीत.

ग्रुप मी काढला, एकेक नंबर शोधून जोडला आणि त्यांना समजावलं की एकदा बोललं की सगळ्यांना पोचतं. ते त्यांना पटलं, पण कानबाईचं आवतण मात्र त्यांनी ग्रुपवर दिलं नाही. “आवतन चावडीवर उभं ऱ्हाईसन देतस का? घरोघर जानं पडस.” म्हणून मग वडीलधाऱ्यापासून सुरुवात करून एकेकाला वेगळा निरोप. प्रत्येकाची तब्येत विचारायची, मग आवतण, मग ‘येजो बरं का’. दुपारभर ओसरीवर बसून ते असे साऱ्यांच्या दारी जाऊन आले.

सगळ्यात जास्त त्यांना आवडल्या त्या निरोपाखालच्या बरोबरच्या खुणा. मी सांगितलं होतं, एक खूण म्हणजे निरोप निघाला, आणि ग्रुपमधल्या झाडून सगळ्यांच्या फोनवर पोचला की दुसरी खूण येते. झालं! ‘च्या पिधा का’ विचारून ते फोन मांडीवर ठेवून बसायचे. एकच खूण दिसली की सुशीलाला हाक मारायचे, “एक मानूस बाकी शे व. कोन ऱ्हायना?” कोणाचा फोन बंद असायचा, कोणी रेंजमध्ये नसायचं. दुसरी खूण आली की मगच ते शेताकडे जायला उठत. सुशीला वैतागायची. मी जळगावात बसून हसायची.

आणि मग हेमंतचं प्रकरण झालं. हेमंत माझा चुलतभाऊ, जामनेरला बाजार समितीत कामाला. आषाढात एके दिवशी ग्रुपवर आपोआप ओळ उमटली, हेमंतने ग्रुप सोडला. दुसऱ्या दिवशी भर दुपारी नाना माझ्या दारात. धोतर, टोपी, हातात पिशवी. मला वाटलं, दवाखान्याचं काही निघालं. तर म्हणाले, “हेमंत घर सोडी गया. चाल, त्याले बलाई आनूत.”

मी कपाळावर हात मारला. म्हटलं, नाना, मी इथून एक बटण दाबते, तो परत आत येतो. ते माझ्याकडे असे बघायला लागले, जणू मी हेमंतला दोरी बांधून ओढत आणायचं म्हणत होते. “रुसेल मानूसले आसं आनतस का? तेना दारसे जानं पडस.” मग काय, आम्ही दोघं जामनेरच्या एसटीत. वाटभर ते आठवत होते, आपण हेमंतला काही बोललो का, कोणत्या लग्नात त्याचा मान राहिला का, भाचीच्या साखरपुड्यात त्याला मानाची टोपी कोणी घातली होती... सगळा हिशेब स्वतःच्याच डोक्यावर घेत होते. मला हसू येत होतं.

हेमंतनं दार उघडलं आणि बघतच राहिला. त्याच्या फोनमधली जागा भरली होती म्हणून रोज फुलांचे फोटो येणारे चार-पाच ग्रुप त्यानं एका झटक्यात सोडले होते, त्यात आपलं घर गेलं हे त्याच्या ध्यानातही नव्हतं. नानांनी ते ऐकून घेतलं. तरी उठताना त्याच्या पाठीवर हात ठेवून म्हणालेच, “जागा नसनी तर माले सांगजो. मन्हा फोन देसू. पन आसं निंघी जावू नको, भाऊ.” हेमंत चांगला पन्नाशीचा गडी, टॉवेलमध्ये तोंड घालून रडला. मग त्यानंच फोन माझ्या हातात दिला, “ताई, घे मला आत.”

जामनेरला नाना गेले होते ही गोष्ट ग्रुपवर मी सांगितली. बहुधा तिचाच परिणाम. त्या श्रावणात सुरत आली, पुणे आलं, नाशिक आलं. हेमंत तर बायकामुलांसह आदल्या दिवशीच हजर. मुठी काढायची वेळ झाली तेव्हा नाना सुपाशी बसले आणि त्यांनी फोन उघडला. आजवर नावं तोंडपाठ असायची. यंदा म्हणाले, कोणी राहायला नको. ग्रुपमधल्या नावांची यादी उघडायची, नाव वाचायचं, मूठ टाकायची. त्यांच्या फोनवर सगळ्यात वर दिसायचं ‘तुम्ही’, ती त्यांची स्वतःची मूठ. त्याखाली ॲडमिन, म्हणजे मी. त्यांनी माझं नाव वाचलं आणि गहू उचलले.

सुशीला पटकन म्हणाली, “नाना, ताई आंडेर शे. तिनी मूठ निंघत नही.”

मी दारात उभी होते. तांब्या हातात होताच.

नानांनी मूठ आवळलेलीच ठेवली. “हाई घर कोनी भरं?” त्यांनी विचारलं. “बठ्ठास्ले आत लयी ती, आनि तीच भाहेर?” आणि त्यांची मूठ सुपात मोकळी झाली.

घरातल्या एक-दोन म्हाताऱ्यांनी नाकं मुरडली, पण नानांपुढे कोण बोलणार! ओसरीवर जागा पुरेना, पंगत अंगणापर्यंत गेली. लग्नानंतर पहिल्यांदा मी माहेरच्या पंगतीत कानबाईचा रोट खाल्ला, गंगाफळाच्या, म्हणजे लाल भोपळ्याच्या भाजीशी. चव विचाराल तर सांगता येणार नाही. मी सगळा वेळ रडतच होते. नाना पलीकडे बसून निवांत जेवत होते, आणि त्या दिवशी त्यांनी पुन्हा खीर मागितली.

ती त्यांची शेवटची कानबाई ठरली. आता सुतक फिटलं, पाहुणे पांगले. घरात माणूस गेलं म्हणून यंदा कानबाई बसणार नाही. दिवसकार्य उरकून मी जळगावला परतले आणि सवयीनं ग्रुपवर लिहिलं, ‘पोचले’. हाही नानांचाच नियम, कुठंही गेलं तरी पोचल्याचं कळवायचं. लिहिलं आणि खाली बघत राहिले. एकच खूण. दुसऱ्या दिवशीही एकच. हेमंतनं पोरीचा निकाल कळवला, मी शाबासकी दिली, तिच्याखालीही एकच. कोण बाकी आहे ते सांगायला कोणाची गरज नव्हती. नानांचा फोन बंद करून किशोरनं कपाटात ठेवून दिला होता. ग्रुप रोज बोलत होता, आणि माझा एकही शब्द घरभर पोचत नव्हता. इतकी आठवण मला स्मशानातून परतलेल्या माणसांकडे बघूनही आली नव्हती. वाटायचं, एकदा, फक्त एकदा नानांनी त्या घोगऱ्या आवाजात चहाचं विचारावं...

गेल्या रविवारी कपडे वाळत घालताना फोन वाजला म्हणून उघडला, तर ‘पोचले’पुढे दोन खुणा होत्या. शाबासकीपुढे दोन. मग मी किशोरला फोन लावला. उचलला सुशीलानं.

“मीच लावा चार्जिंगले,” ती म्हणाली. “कोनाडामा ठेवेल शे, नाना ठेवेत तठेच. बंद फोन माले दखाये ना व ताई.” मग म्हणाली, “आनि पुढला साल तुम्ही येज्यात. नानास्नी काढेल मूठ शे. मी कसी मोडसू?”

आता रोज सकाळी शाळेला निघण्याआधी ग्रुपवर मीच विचारते, च्या पिधा का? आणि चपला घालून दाराशी उभी राहते. सोनगीरकडच्या त्या कोनाड्यात फोन वाजतो, आणि इकडे दुसरी खूण येते. मग मी निघते.