तब्येत : उत्तम

पीटीच्या सरांनी माझा फॉर्म माइकवर वाचला. आधी कन्नडमध्ये, मग मराठीत. त्यामुळे हसणंही दोनदा झालं.

मी मैदानावर बसले होते. सहाशे मीटर धावायचं होतं. चारशेच्या खुणेपाशी खोकला आला आणि थांबेना, म्हणून खाली बसले. निपाणीच्या आमच्या शाळेत त्या दिवशी फिटनेस दिन होता. नववीच्या सगळ्या तुकड्या रांगेत उभ्या होत्या. धावायच्या आधी प्रत्येकानं आपल्या तब्येतीचा फॉर्म भरून दिला होता.

"प्रश्न पहिला. तुमची तब्येत कशी आहे? उत्तम." सर थांबले. माझ्याकडे बोट केलं. "ही बघा, उत्तम! प्रश्न दुसरा. वर्षातून किती वेळा आजारी पडता? एकदाही नाही."

मग मला पुढं बोलावलं.

"खोटं का लिवलीस गं?"

सरांनी पेन्सिल आणि खोडरबर हातात दिला. फॉर्म पेन्सिलीनंच भरायचा असा नियम होता, चुकलं तर दुरुस्त करता यावं म्हणून. "खोड. वाईट म्हणून लिव." सगळ्यांच्या देखत मी 'उत्तम' खोडलं. कागद थोडा फाटला. त्याच्या शेजारी 'वाईट' लिहिलं. अक्षर मात्र चांगलं आलं होतं, ते आठवतं.

मग मला अशक्त मुलांच्या रांगेत उभं केलं. आम्ही सात जण होतो. गावातले एक तंबाखूचे व्यापारी पाहुणे म्हणून आले होते. सगळे त्यांना अण्णा म्हणत. त्यांनी आम्हा सातही जणांना शक्तीच्या पावडरचा एकेक डबा दिला. माझ्या डोक्यावर हात ठेवून म्हणाले, "आईला सांग, पोरीला जरा खायला घालत जा म्हणावं." फोटोवाला म्हणाला, हसा. मी हसले.

माझी आई त्यांच्याच वखारीत तंबाखू चाळायला जाते. चाळीस बायकांतली एक. त्यांना ते माहीत असायचं काही कारण नव्हतं. मीही सांगितलं नाही. तेव्हा राग आला नाही, रडू आलं नाही. लाज वाटली ती घरी आल्यावर, दप्तर उतरवताना.

पण मी खोटं लिहिलं नव्हतं.

आमच्या गल्लीत आजारी म्हणजे अंथरुणाला खिळलेला माणूस. जो कामावर जातो तो बरा. सुट्टीत मीही आईबरोबर चाळायला बसायचे. तोंडाला फडकं बांधायचं. डोकं गरगरतं, ओकारी येते, त्याला आम्ही 'तंबाखू लागली' म्हणतो. ऊन लागावं तशी ती लागते आणि उतरते. त्याला आजार कोण म्हणेल? खोकला तर गल्लीत सगळ्यांनाच. त्यावर गुळाचा खडा. गूळ खाल्ला की धूळ खाली बसते, असं आई म्हणायची. पदराच्या गाठीत तिच्याकडे खडा असायचाच.

मी घरी सगळं सांगितलं. आईनं डबा फळीवर ठेवला.

"तू कवा अंथरुणाला खिळलीस? मग उत्तमच की."

मला ते पटलं. सर मूर्ख आहेत, एवढंच वाटलं. पावडर पंधरा दिवसांत संपली. चव चॉकलेटची होती. खोकला होता तसाच राहिला.

दहावीत विज्ञानाच्या मॅडमनी फळ्यावर फुप्फुसं काढली. आम्ही वहीत काढून गुलाबी रंग दिला. मी हात वर केला.

"मॅडम, गूळ खाल्ला की धूळ खाली बसते ना?"

"नाही गं. गूळ पोटात जातो. धूळ फुप्फुसात. दोन वाटा वेगळ्या."

एवढंच. त्या पुढच्या बाकाकडे वळल्या. मी गुलाबी रंग देत राहिले.

संध्याकाळी आई वखारीतून आली. पदराची गाठ सोडली, खडा तोंडात टाकला आणि खोकत बसली. मी बघत होते. मॅडमचं बोलणं मी तिला सांगितलं नाही. सांगितलं, तर मग खोकल्यावर तिनं खायचं तरी काय?

पुन्हा फिटनेस दिन आला. सरांनी आम्हा सातही जणांना आधीच स्टाफरूममध्ये बोलावलं. कोरे फॉर्म वाटले.

"ह्या वर्षी सगळ्यांनी उत्तम लिवायचं. अण्णांनी पावडर दिलीया. किती सुधारणा झाली त्याचा तक्ता लावायचाय."

गेल्या वर्षी उत्तम खोटं होतं. या वर्षी तेच खरं. माझ्या छातीत काय आहे हे मला सोडून सगळ्यांनी ठरवायचं. मी पेन्सिल बाजूला ठेवली आणि दप्तरातून बॉलपेन काढलं.

लिहिलं : तब्येत वाईट. सुट्टीत आईबरोबर अण्णांच्या वखारीत तंबाखू चाळते. तिथं खिडक्या बंद असतात. खोकला येतो. ओकारी येते. आजारी किती वेळा? रोज.

सरांनी वाचलं. खोडरबर पुढं केला. "खोड."

"सर, पेनानं लिवलंय. खोडायचं न्हाय."

"नवा फॉर्म घे मग."

"त्यात बी हेच लिवीन."

आवाज बारीक निघाला. पण मी खोडरबर हातात घेतला नाही. तक्त्यावर सहा नावं लागली.

दोन दिवसांनी आई सकाळी दहालाच परत आली. जेवणाचा डबा तसाच भरलेला. मुकादम म्हणाला होता, चार दिवस घरातच ऱ्हा.

"काय लिवलीस गं तू?"

मी तोंडपाठ म्हणून दाखवलं. गुळाचंही सांगितलं. वही आणून, फुप्फुसांखाली पोट काढून दोन वाटा दाखवल्या. आईनं दोन्ही वाटांवरून बोट फिरवलं. मग गाठ सोडली आणि गुळाचा खडा फळीवर, पावडरच्या रिकाम्या डब्याशेजारी ठेवला. पाचव्या दिवशी ती पुन्हा वखारीत गेली. जावं लागतं. खिडक्या अजून बंदच आहेत.

जायच्या आधी मात्र तिनं एक सांगितलं. "माझं बी लिव. पेनानंच."

आता मी पीयूसीला, म्हणजे अकरावीला आहे. चाळायला बसत नाही. रविवारी आमच्या कट्ट्यावर बसते आणि वखारीतल्या बायकांना तेच दोन प्रश्न विचारते. पहिलं उत्तर सगळ्यांचं एकच, "तब्येत झकास हाय बाई." मग मी खोकल्याचं विचारते. "ते व्हय? ते असतंयच." 'ते असतंयच' हे मी प्रत्येकीच्या कागदावर पेनानं लिहून घेते. काही जणी घाबरतात, उठून जातात. त्यांना मी पुढच्या रविवारी पुन्हा विचारते.

अकरा झाल्या. एकोणतीस राहिल्या. चाळीस झाल्या की गठ्ठा घेऊन बेळगावच्या कामगार कचेरीत जाणार आहे. घेतला नाही तर दुसऱ्या दिवशी पुन्हा जाणार. दुरुस्त करून आण म्हणाले, तर करणार नाही.