इमामबीच्या गल्ल्यातलं सरकलेलं नाणं

वडवणीच्या स्टँडबाहेर पेरूची गाडी लावणाऱ्या इमामबीचा कुणावर पटकन विश्वास बसायचा नाही. नवरा हयात असताना एका व्यापाऱ्यानं त्याच्या गळ्यात खोट्या नोटा मारल्या होत्या, आणि बँकेत चोरासारखं उभं राहावं लागलं होतं ते नवऱ्यालाच. तेव्हापासून हाती आलेलं नाणं ती उलटसुलट करून बघायची. गिऱ्हाइकं हसायची. हसू देत, ती म्हणायची.

एका बाजारच्या दिवशी गर्दीत ते बघायचं राहून गेलं. संध्याकाळी गल्ला पालथा केला तर दोन रुपयांचं एक नाणं भलतंच निघालं. आकडा एका कडेला सरकून अर्धवट कापलेला, दुसऱ्या कडेला नुसत्या कोऱ्या धातूची कोर. मागचे सिंहही तसेच कडेला गेलेले. खोटंच हे, तिनं ठरवलं. मग आठवलं, सकाळी सुट्टे सारजाबाईकडून घेतले होते.

सारजाबाई शेजारीच मेथी-कोथिंबीर घेऊन बसायची. दोघींची भाकरी रोज एकत्र सुटायची.

"हे तूच दिलतंस न?" दुसऱ्या दिवशी सकाळी इमामबीनं विचारलं.

"दिलं आसंल. कावून?"

"खोटं हाय."

"आन् मी तुला जानून दिलं, आसं म्हन्तीस?"

इमामबीनं नाणं पुन्हा उलटसुलट करून बघितलं. तेवढं पुरलं. सारजाबाईनं पोतं गुंडाळलं आणि दोघींवरच्या कडुलिंबाची सावली सोडून रस्त्यापलीकडं उन्हात जाऊन बसली.

इमामबीचा भाचा मुस्तकीम मोबाइल दुरुस्त करायचा. त्यानं नाण्याचा फोटो नेटवर टाकला. "खाला, टांकसाळीत चुकलेली नाणी लाखात जातात म्हनं."

दुसऱ्याच दिवशी त्याचा फोन वाजला. नाणं लाखाचं आहे, फक्त आधी नोंदणीचे पैसे पाठवा, असं पलीकडचा माणूस गोड आवाजात सांगत होता. मुस्तकीम पाठवायच्या बेतातच होता. इमामबीनं फोन काढून घेतला.

"भाऊ, लाख तुमी देनार न? मग नोंदनीचे त्यातूनच कापून घ्या."

"तसं नियमात बसत नाही, मॅडम."

"मग ऱ्हाऊ द्या."

मुस्तकीम दिवसभर फुगून बसला. इमामबीला मात्र वेगळंच खात होतं. फोनवाला लबाड, हे कळलं. पण 'चुकलेलं' हा शब्द डोक्यातून जाईना. चुकलेलं असेल, तर खोटं कसं?

बीडला माणिकराव नावाचे निवृत्त पोस्टमास्तर नाणी जमवायचे. ती एसटीनं त्यांच्याकडं गेली. नाणं त्यांच्या हाती देईना. बदलून टाकलं तर? माणिकरावांनी वाद घातला नाही. तिच्याच तळहातावर नाणं राहू दिलं आणि भिंगातून बघू लागले. कानस मारल्याच्या खुणा नव्हत्या. चुंबक धरलं, ते खऱ्या नाण्यासारखं चिकटलं. काट्यावरही तिनं स्वतःच ठेवलं, नजर न हलवता. माणिकरावांनी दुसऱ्या पारड्यात साधं दोनचं नाणं ठेवलं. वजन सारखंच भरलं.

"नाणं अस्सल आहे," ते म्हणाले. "ठसा पडताना चकती सरकली, एवढंच. आणि बाई, दोन रुपयांचं खोटं नाणं पाडून कुणाचं पोट भरणार?"

"लाखाचं हाय का?"

"छे. एखादा हौशी काही शे देईल. मीही घेईन. पण आधी अजून कुणाला तरी दाखवा."

घ्यायला तयार असलेला माणूस दुसरीकडं दाखव म्हणतो, हे तिला नवीन होतं. परतताना एसटीत ती नाणं मुठीत धरून बसली. पण डोळ्यांपुढं येत होती ती उन्हात बसलेली सारजाबाई.

उतरल्याबरोबर ती रस्ता ओलांडून गेली. "सारजा, नाणं खरं निगालं."

सारजाबाई जुड्या बांधत राहिली. "नाणं खरं. आन् मी?"

इमामबी तिच्यापुढं उकिडवी बसली. तिनं नाणं पोत्यावर ठेवलं. "तुजंच हाय. घी."

"नगं. उद्या अजून कायतरी निगालं, तर पुन्हा माज्यावरच येशील."

दुसऱ्या दिवशी इमामबीनं गाडी ढकलत रस्त्यापलीकडं नेली. तिथं सावली नव्हती, गिऱ्हाईकही कमी. सारजाबाई दुपारपर्यंत तिच्याकडं पाठ करून मेथी विकत राहिली. मग पेरू उन्हानं मऊ पडायला लागलेले बघून तिनं मेथीवरचं ओलं फडकं काढलं आणि गाडीवर टाकलं.

"झाक," म्हणाली. "नासतील."