पडद्यामागच्या निऱ्या

दोन्ही हात पाठीमागे न्यायचे आणि डाव्या मुठीत उजवं मनगट घट्ट धरायचं, ही आमच्या वॉर्डच्या मोठ्या सिस्टरांची उभं राहण्याची रीत. समोर एखादा पेशंट घास तोंडाशी नेताना निम्मा अंगावर सांडत असायचा आणि त्या तशाच उभ्या. आम्ही विद्यार्थिनी पुढे सरसावलो की मान न वळवता म्हणायच्या, "हात मांगं घे वो बाई."

तुम्ही असतात तर तुम्हालाही राग आला असता. आमच्या वॉर्डातली आया तर नातेवाइकांना उघड सांगायची, "ये सिस्टर ह खाली देखथे," म्हणजे नुसती बघत राहते. सिस्टर हसायच्या. "खरं सांगते थे बाई. पण पाह्यत उभं राह्यणं तिले जमते का, विचारा."

भिलाईच्या त्या हॉस्पिटलात मी नर्सिंगच्या शेवटच्या वर्षाची विद्यार्थिनी होते. वडील रसमड्याला कारखान्यात कामाला. घरात कॉलेज पाहिलेली मीच पहिली, त्यामुळे पुस्तकातलं अक्षर न् अक्षर पाठ. श्वास घेणं, खाणंपिणं, झोप, कपडे निवडून घालणं, अशा माणसाच्या चौदा मूलभूत गरजा मी सिस्टरांना एका दमात म्हणून दाखवल्या.

"पाठ तर मस्त आहे," त्या म्हणाल्या. "आता सांग, त्या खिडकीजवळच्या बाबाले काय कमी पडून राह्यलं? ताकद, मन, का माहिती? जे कमी, तेवढंच आपण भराचं. उरलेलं त्याचं त्याले करू द्याचं."

वॉर्डात प्रत्येक पेशंटचा एक तक्ता असे. एकेका गरजेसमोर आम्ही रोज लिहायचं: 'स्वतः', 'मदतीने' किंवा 'नर्सने'. खाली सिस्टरांची सही.

एका आठवड्यात माझ्याकडे जुनवानीच्या एक काकू आल्या. अर्धांगाचा झटका येऊन गेलेला, डावा हात लुळा. नवरा स्टील प्लांटमधून क्लार्क म्हणून निवृत्त झाला आणि नंतर गेला, तेव्हापासून एकट्या राहायच्या. मुलगा पुण्याहून आला होता. त्याचं म्हणणं साधं होतं. पुढच्या शनिवारपर्यंत आई स्वतःचं स्वतः आवरू लागली तर जुनवानीला बाई लावून ठेवतो, नाहीतर घराला कुलूप आणि आई पुण्याला.

"बाराव्या मजल्यावर मले कोण वळखते?" काकू मला म्हणाल्या. "माह्या घरातूनच जाईन मी."

सगळं हळूहळू जमू लागलं. अडलं ते साडीपाशी. मुलगा म्हणाला, गाऊन घाल. काकूंनी तोंड फिरवलं. "गाऊन घालून का दारात उभी राहू? माणसं येतात माह्या घरी." सिस्टरांनी तक्त्यात लिहिलं, 'साडीच', आणि दुसऱ्या दिवशी घरून वाळत घालायच्या कपड्यांचे चिमटे घेऊन आल्या. पलंगाला कंबर टेकायची, एका हाताने निरी घालायची, चिमट्याने धरायची, मग पुढची. पहिल्या दिवशी पाऊण तास लागला. सिस्टर सगळा वेळ उभ्या होत्या. मधेच फक्त म्हणाल्या, "काकू, घाई आहे का कुठं जायाची?" काकू घामाघूम होऊन हसल्या. "लग्नाले चालली ना मी!"

दुसऱ्या दिवसापासून ते काम माझ्यावर आलं. काकू चिमटा लावायच्या, तो निसटायचा, साडी खाली. त्या रडू लागल्या. "तूच घाल ना वो पोरी. तिले कोण सांगते?" मला माझी आई दिसली. मी पडदा ओढला, दोन मिनिटांत निऱ्या घालून दिल्या आणि तक्त्यात लिहिलं, 'स्वतः'. चार दिवस तेच केलं. चारही दिवस खाली सिस्टरांची सही झाली.

शनिवारी अकराला मुलगा आला. सिस्टरांनी अभिमानाने तक्ता त्याच्या हातात दिला. "साडी नेसतात त्या. चार दिवस झाले."

"तो दिखाइए ना," तो म्हणाला. "आज माझ्यासमोर तयार होऊ दे."

काकू पडद्याआड गेल्या. मुलगा घड्याळ बघत होता. आतून चिमटा फरशीवर पडल्याचा आवाज आला. थोड्या वेळाने दुसरा. मग काकूंचा श्वास ऐकू येऊ लागला, धापेसारखा. मी पुढे झाले, सिस्टरांनी नजरेने थांबवलं. त्यांना अजून खात्री होती. तीच मला सहन होईना.

"सिस्टर," मी त्यांच्या कानाशी म्हटलं, "मी नेसवत होते."

"किती दिवस?"

"चारही."

त्यांनी तक्त्यावरच्या आपल्या सह्यांकडे पाहिलं. मग मुलाला म्हणाल्या, "तक्ता चुकीचा आहे. सही माझी आहे."

"म्हणजे इथे खोटं लिहितात?" त्याचा आवाज चढला. "बस, आई पुण्याला येतेय."

सिस्टर पडद्याजवळ गेल्या, आत गेल्या नाहीत. "काकू, माह्या वॉर्डानं तुमचे चार दिवस वाया घालवले. आता तुम्ही सांगा. पुणं, का अजून आठ दिवस?"

आतून काकूंचा आवाज आला, रडवेला पण ठाम. "आठ दिवस. आन् त्याले म्हणा, मले विचारत जाय."

मुलगा थांबला, पण लेखी तक्रार करूनच. त्या संध्याकाळी सिस्टर मला बाजूला घेऊन म्हणाल्या, "तिचे चार दिवस खाल्ले वो तू." आवाज चढवला असता तर बरं वाटलं असतं. "आता रोज उभी राह्यजो तिथं. मी असो, नसो."

सोमवारी त्यांच्या जागी दुसरी सिस्टर होती. त्यांना चादरी-कपड्यांच्या स्टोअरमध्ये पाठवलं होतं. चौकशीत त्यांनी माझं नाव घेतलं नाही. परीक्षा महिन्यावर होती. ऑफिसात जाऊन खरं सांगायला मी दोनदा निघाले आणि दोनदा जिन्यावरून परत आले.

पण रोज उभी राहिले. सहाव्या दिवशी काकूंनी न रडता निऱ्या खोचल्या. नवव्या दिवशी त्या जुनवानीला गेल्या. मुलगा बॅग घेऊन पुढे, त्या मागून भिंतीला धरून चालत. दारात थांबून वॉर्डभर पाहिलं. "मोठी सिस्टर नाही दिसत?"

"दुसऱ्या खोलीत असतात आता."

"तिले सांगजो, पाच निऱ्या आल्या. सरक्या, एकदम सीध्या."

मी सांगायला गेले, तर स्टोअरला कुलूप होतं. निवृत्तीला थोडेच महिने उरले होते, सिस्टर शिल्लक रजा घेऊन गोंदियाला गेल्या होत्या. नंबर माझ्याकडे होता. काकूंचा निरोप द्यायचा तर जिन्यावरून परत आल्याचंही सांगावं लागलं असतं. रिंग जायच्या आत मी कितीदा फोन ठेवला. शेवटी पदवीचा कागद हातात आला त्या दिवशी धीर करून लावला, तर कोणी अनोळखी माणूस म्हणाला, "राँग नंबर, मॅडम."

पाच निऱ्या आल्या सिस्टर, सरळ. हे त्यांना अजून कोणी सांगितलेलं नाही.