गाडी पाणी किती पिते, ते सांगायचं नाही

खरं तर हे मी सांगायचं नाही. आईनं दोनदा बजावलंय, "ओट्यावरचं बोलणं ओट्यावर राहू दे. आणि गाडी पाणी किती पिते, ते तर शाळेत कुणापाशी बोलू नकोस." मी तशीही शाळेत फारसं बोलत नाही. पण दर रविवारी सकाळी आमच्या ओट्यावर चार गाडीवाले बसतात. मी चहा घेऊन जाते, थोड्या वेळानं कप गोळा करायला जाते, आणि दोन्ही वेळा काही ना काही कानावर पडतं. दसऱ्यापासून इतके किस्से साठलेत, की आता यातला कुठला कुणाचा, हेच विसरायला होईल. म्हणून लिहून ठेवतेय.

चौघांपैकी एक आमचे अण्णा. त्यांचा सोनईत दवाखाना आहे. दुसरे बापूसाहेब, त्यांचा ऊस आहे, म्हणजे होता. तिसरे कांतीशेठ, कापडवाले. चौथे नेवाशाचे वकीलकाका. चौघांनी गाडीसाठी नंबर लावला तेव्हा मी बहुतेक पाटीवर लिहीत होते. नंबर लागला तो नेमका यंदा, दुष्काळात. चारही गाड्या एकदम आल्या आणि चारही गाड्यांना एकच दुखणं निघालं. इंजिन तापतं, पाणी उकळून बाहेर पडतं, आणि पाणी घातल्याशिवाय गाडी जागची हलत नाही.

आमच्या आळीत हंड्यांची रांग पहाटे लागते. तिथं ही गाडी रोज बादलीभर पिते. आई म्हणते, उभी करून ठेवा. अण्णा म्हणतात, "पाथर्डीकडच्या दुष्काळी कामांवर मी एकटाच जातो. एस.टी. फाट्यापर्यंतच जाते. गाडी उभी केली, तर तिथल्या माणसांकडं कोण बघणार?"

या दोन वाक्यांवर आमच्या घरात रोज भांडण होतं. नवं इंजिन मिळालं तर मिटेल. आणि नवं इंजिन कंपनीनं द्यायचं, गॅरंटीत.

•

बापूसाहेबांनी पुण्याहून गाडी आणली त्या दिवशीची गोष्ट. दुकानातल्या माणसानं किल्ली हातात देताना सांगितलं होतं, "सहा महिने गॅरंटी. पण सहा महिने बॉनेट उघडायचं कामच पडणार नाही."

घोडनदीच्या अलीकडंच बॉनेट उघडावं लागलं. झेंडूचा हार वाफेनं शिजून गेला. बापूसाहेबांनी शेतातल्या एका माणसाकडून पाणी मागून घेतलं, गाडी घरी आणली आणि दुसऱ्या दिवशी दुकानात ट्रंककॉल लावला.

तिकडून उत्तर आलं, "नवीन आहे साहेब. सवय होईल."

बापूसाहेब म्हणाले, "कुनाला? तिला का आमाला?"

•

कांतीशेठ धाकट्या भावासाठी मुलगी बघायला राहात्याला गेले होते. गाडी नवी, फेटा नवा. मुलीच्या दारात पोचले तेव्हा बॉनेटमधून धूर निघत होता. मुलीचे काका पुढं आले, या बसा म्हणाले, आणि रीतीप्रमाणं पाण्याचा तांब्या पुढं केला. कांतीशेठनी तांब्या घेतला आणि सगळा रेडिएटरमध्ये ओतला.

मग म्हणाले, "अजून एक मिळेल का?"

दुसरा आला, तोही ओतला. तिसऱ्याच्या वेळी घागर आली. घागर रिकामी झाली तेव्हा दाराआडून मुलीची आत्या सगळ्यांना ऐकू जाईल अशी म्हणाली, "सून बघायला आलेत का पानी भरायला बाई बघायला आलेत?"

कांदेपोहे झाले. मुलीकडचे निरोप नंतर कळवतो म्हणाले. अजून कळवलेला नाही. कांतीशेठ म्हणतात, "माणसं चांगली होती. आम्ही गेलो नसतो तर त्यांना त्या संध्याकाळी पाणी पुरलं असतं."

•

चौघांनी मिळून तक्रार केली, तेव्हा कंपनीचा साहेब आला. पण आला तो पौषात, सकाळच्या गारठ्यात. गळ्यात मफलर होता. त्यानं चारही गाड्या शनिवारच्या बाजारापर्यंत नेल्या आणि परत आणल्या. एकही तापली नाही. अण्णांची गाडी इतकी शहाण्यासारखी चालली की अण्णांनाच लाज वाटली.

साहेबानं वहीत 'दोष आढळला नाही' असं लिहिलं आणि चहा घेतला. कप मीच नेऊन दिला.

बापूसाहेब म्हणाले, "साहेब, आता उन्हाळ्यात या. दुपारी या. मग दावतो."

साहेब कप ठेवत म्हणाला, "उन्हाळ्यात यायला हरकत नाही. पण तुमची गॅरंटी पाडव्याच्या सुमाराला संपते."

त्याला जाताना आईनं विचारलं, आणखी काही हवं का. तो म्हणाला, "थोडं पाणी." प्यायला मागत होता. पण ओट्यावरचे चौघंही एकदम त्याच्या गाडीकडं बघायला लागले.

•

वकीलकाका व्यवस्थित माणूस आहेत. त्यांनी रस्त्यात कुणापुढं हात पसरायला नको म्हणून डिकीत पाण्याचे चार डबे ठेवले. केडगावच्या पुढं पुणे रस्त्यावर पोलिसानं गाडी अडवली. डबे बघून त्याला वाटलं, हातभट्टीची दारू आहे.

त्यानं एक झाकण उघडलं, वास घेतला. दुसरं उघडलं. बोट बुडवून चाखलं. मग वकीलकाकांकडं बराच वेळ बघत राहिला.

"काय झालं?" वकीलकाकांनी विचारलं. "दारू नाही ना?"

"दारू असती तर सोडलं असतं, साहेब," पोलीस म्हणाला. "एवढं पानी कुठनं आनलं ते सांगा."

वकीलकाकांनी कायदा सांगितला. पोलिसानं तो शांतपणे ऐकून घेतला आणि एक डबा उतरवून घेतला. वकीलकाका म्हणतात, "मी कोर्टात पंधरा मिनिटं बोलू शकतो. तिथं मी नुसती डब्यांची झाकणं लावत बसलो. त्याची बायको रस्त्याच्या कडेला उभी होती, कडेवर मूल होतं, आणि डबा तिनंच उचलला."

•

ही गोष्ट ओट्यावर झाली नाही. अण्णांनी फक्त आईला सांगितली, आणि मी दाराच्या आत होते.

आईनं गाडीसाठी चांगलं पाणी द्यायचं बंद केलं होतं. भाजी धुतलेलं, तांदूळ धुतलेलं पाणी ती एका बादलीत साठवायची आणि फडक्यातून गाळून तेच गाडीत ओतायला सांगायची. आठवडाभर सगळं ठीक चाललं.

मग एका दुपारी अण्णा कामावर पोचले. तिथं बायका-माणसं खडी फोडतात, पोरं सावलीला बसलेली असतात. दुपारी सुकडी मिळते, घरी रेशनच्या लाल मिलो ज्वारीच्या भाकरी. गाडी थांबली, बॉनेटमधून वाफ आली, आणि सगळी पोरं उठून गाडीभोवती आली. अण्णांना कळेना, ही का आली. इंजेक्शनच्या भीतीनं ती एरवी लांब पळतात.

एक लहान मुलगी बॉनेटला नाक लावून उभी राहिली आणि म्हणाली, "डाक्टर, भात झाला व्हय?"

अण्णांनी हे सांगितलं तेव्हा आई तांदूळच निवडत होती. त्या दिवसापासून ते पाणी भांड्यांना जातं, आणि गाडीला पुन्हा हंड्यातलं.

•

पाडवा झाला आणि मग कंपनीचं उत्तर आलं. तोवर नगरच्या मिस्त्रीनं अण्णांचं इंजिन उघडून दाखवलं होतं. आत ब्लॉकला केसासारखी चीर होती. त्यानं सांगितलं, ही कारखान्यात लोखंड ओततानाच राहिलेली चीर आहे, वापरून पडलेली नाही. चौघांना एकदम हुरूप आला होता. वकीलकाकांनी ते कंपनीला लिहून कळवलं, आता नाही म्हणता येणार नाही, असं ते म्हणाले होते.

उत्तर त्यांनीच मोठ्यानं वाचलं. इंजिनात अशुद्ध पाणी वापरल्यामुळं बिघाड झाला आहे, त्याला कंपनी जबाबदार नाही. शिवाय गॅरंटीची मुदत संपली आहे.

वकीलकाकांनी चष्मा काढला. "पहिलं कारण खरं असतं, तर दुसरं लिहायची गरज पडली नसती."

बापूसाहेबांनी पत्र मागून घेतलं, उलटंपालटं करून बघितलं. मग म्हणाले, "अशुद्ध म्हंजे? आमी पितो तेच पानी घातलं की तिला."

वकीलकाकांनी त्यांच्याकडून पत्र परत घेतलं आणि घडी घातली.

"तिला सा म्हयने तरी गॅरंटी हुती," बापूसाहेब म्हणाले. "आमची कोन देनार?"

कांतीशेठ हसायला लागले आणि मध्येच थांबले. मी कप गोळा केले. एकाचाही चहा संपलेला नव्हता.

त्या संध्याकाळी आई पुन्हा म्हणाली, "आता तरी उभी करा ती गाडी. आता काही इंजिन मिळत नाही." अण्णा म्हणाले, "उद्या कामावर जाऊन येतो, मग बघू." ते रोज असंच म्हणतात.

•

आता शेवटचा. हा ओट्यावर कुणीच सांगितलेला नाही, कारण तिथं मी आणि अण्णा दोघंच होतो.

शाळेला सुटी लागली होती आणि कंपाउंडर आजारी होता, म्हणून अण्णांनी बॅग धरायला मला बरोबर घेतलं. कामाच्या थोडं अलीकडं गाडी तापली. आमचे पाण्याचे डबे आधीच्या गावात संपले होते. अण्णा कधीही कुणाकडं पाणी मागत नाहीत. ते बॉनेट उघडून बाजूला उभे राहिले आणि इंजिन गार व्हायची वाट बघायला लागले.

मागून एक बाई आली. डोक्यावर भरलेला हंडा होता, पाय धुळीनं पांढरे झाले होते. कामावरचा टँकर आदल्या दिवसापासून आला नव्हता, म्हणून ती लांबच्या विहिरीवरून पाणी घेऊन चालली होती. आम्हाला बघून ती थांबली.

"डाक्टर न्हवं तुमी?"

"हो."

"कामावर चाललाय?"

"हो. गाडी गार झाली की निघतो."

"गार कवा व्हायची?" तिनं हंडा उतरवला. "माझी सून हाय तितं. रातीपासनं जुलाब, उलट्या. डोळं फिरवायला लागलीया."

अण्णा म्हणाले, "तुम्ही चला, मी चालत येतो." पण ती आधीच पुढं झाली होती. अण्णांनी तिचा हात धरला. "अहो बाई, नको. प्यायचं पाणी आहे ते."

"आनि तिला नगरला न्यायला लागलं तर? पाठीवर न्याल?" ती म्हणाली. "सोडा हात. पानी काय, पुन्हा आनू."

तिनं सगळा हंडा ओतला. एक थेंब खाली सांडू दिला नाही. मग मागच्या सीटवर रिकामा हंडा मांडीवर घेऊन बसली. तिचं नाव हौसाबाई. मी विचारलं नव्हतं, तिनंच सांगितलं, "हौसाबाई म्हन की. बाई बाई काय."

सून गोणपाटाच्या सावलीत पडली होती. माझ्याहून थोडीशीच मोठी असेल. ओठ वाळून चिकटले होते. सलाईनच्या बाटल्या सकाळच्या कामावरच संपल्या होत्या. अण्णांनी नाडी बघितली, पोटाची कातडी चिमटीत धरून सोडली. कातडी तशीच उभी राहिली.

"हिला नगरला न्यायला हवं," अण्णा म्हणाले. "पण तासाभराचा रस्ता आहे, आणि अशी निघाली तर पोचायची नाही. आधी पोटात पाणी जायला हवं. उकळून गार केलेलं, मीठ-साखर घालून, चमच्या-चमच्यानं. पाणी आणा."

भोवतीच्या बायकांनी एकमेकींकडं बघितलं. एकीनं आपला डेरा उलटा करून दाखवला. दुसरी टँकरच्या रस्त्याकडं बघत राहिली.

हौसाबाई उठल्या, रिकामा हंडा उचलला आणि गाडीपाशी गेल्या. बॉनेट अजून कडकड वाजत होतं. त्यांनी वाकून हंडा गाडीच्या तोंडाखाली सरकवला, बरोबर रेडिएटरच्या खाली, आणि अण्णांकडं मान वळवली.

"डाक्टर," त्या म्हणाल्या, "हे उकाळल्यालंच हाय न्हवं?"

सगळ्या बायका अण्णांकडं बघायला लागल्या. पाणी काढलं, तर गाडी नगरला जाणार नव्हती. नाही काढलं, तर—

आत्ता आतून आईनं हाक मारली. गाडीला बादली भरून हवीय, अण्णा कामावर निघालेत. आले म्हणून सांगितलं, पण ती पुन्हा हाक मारतेय. एवढंच लिहून उठते. अण्णा रेडिएटरपाशी गेले, गुडघ्यावर बसले, आत हात घातला आणि माझ्याकडं न बघता म्हणाले, "शकू, मला तो खालचा नळ सोडायचाय. हंडा नीट धर."