गोमार मास्तरांची चौथी वही

गोमार मास्तरांनी जन्मभरात पन्नासेक गाणी रचली. त्यातलं सगळ्यात चांगलं मी जाळलं. त्यांची गोष्ट सांगायला बसलोय तर हे आधीच सांगून टाकतो. मागून कुणी बोट दाखवायला नको.

मास्तर आमच्या लाय नदीकाठच्या खाटकाचं पोर. आवाज जाड, म्हणून पाद्र्यांनी ठेवून घेतलं. चाळीस वर्षं चर्चमध्ये खालचा आवाज गायले, पोरांना शिकवलं. बड्या रचनाकारांसारखं इटलीला जायचं म्हणून दोनदा गाठोडं बांधलं, दोनदा सोडलं. पहिल्यांदा बायको गरोदर होती. दुसऱ्यांदा बायको उरली नव्हती आणि पोरगी, बेर्लिंदे, तापाने फणफणली होती. सातव्या वर्षी गेली. तिच्यासाठी त्यांनी चार आवाजांची प्रार्थना रचली. दर मार्चात, ती गेली त्या दिवशी, ही प्रार्थना गायली जायची.

चार आवाज म्हणजे चार वह्या. एका वहीत एकच आवाज. चारही एकत्र कुठे लिहिलेले नसतात, गाताना तेवढे भेटतात. वरचा आवाज पोरं गायची. "हा बेर्लिंदेचा," मास्तर म्हणायचे. चार वर्षं तो मी गायलो.

मग माझा आवाज फुटला. विणायला मागावर बसलो, पाद्र्यांविरुद्ध चोरून छापलेली पत्रकं वाचली, डोकं पेटलं. आम्ही सोळा तास माग हाणायचा आणि यांच्या मूर्तींना सोन्याचे मुकुट! त्या ऑगस्टात आम्ही चर्चमध्ये घुसलो, मूर्ती फोडल्या. त्याची लाज मला आजही नाही. हाताला लागेल ते आगीत फेकलं. त्यात एक पातळ वही होती. पुठ्ठा काळा पडता पडता कोपऱ्यावर माझ्याच दातांच्या खुणा दिसल्या. कंटाळा आला की मी तो कोपरा चावायचो.

ऑक्टोबरात मास्तर मागापाशी आले.

"वाउटर, तीन वह्या आगीतून वाचल्या रे. वरची गेली."

"माहीत आहे."

"तुला पाठ असेल. तू गा, मी लिहून घेतो."

"तुम्हीच रचलंत ना? पुन्हा रचा."

"रचेन, गाढवा! पण ते दुसरंच होईल. मला तेच पाहिजे. मार्चाच्या आत."

चौघं विणकर कान टवकारून होते. आदल्याच दिवशी त्यांच्यापुढे मी ठणकावून सांगितलं होतं, पाद्र्यांच्या लॅटिनचं एक अक्षर पुन्हा तोंडात घेणार नाही.

"गा की रे, देवाच्या कोकरा!" त्यातला कोएन खिदळला.

"मी लॅटिन गात नाही," मी म्हणालो.

मास्तरांनी माझ्या खांद्यावर बोट टेकवलं. "लॅटिन नको. नुसतं आ-आ कर."

"जा म्हटलं ना!"

ते गेले. जाताना दार नीट ओढून घेतलं, आम्हाला थंडी लागू नये म्हणून.

फेब्रुवारीत माझा ताठा मोडला. गेलो. त्यांच्या दारात शेजारच्या माइकेन काकू राख भरत होत्या.

"मास्तर आहेत?"

"परवा पुरलं." त्यांनी मला खालून वर न्याहाळलं. "तूच ना तो वही चावणारा? रोज वाट बघायचा तुझी, मेल्या."

"त्या तीन वह्या?"

"पेटीत उशाला दिल्या त्याच्या. म्हणाला, तीन कुणाच्या कामाच्या नाहीत. ही मात्र तुझ्यासाठी ठेवलीय."

चौथी वही. नवीकोरी. पानोपानी रेघा आखलेल्या, वर बेर्लिंदेचं नाव. सूर एकही नाही.

मी भरली ती. सगळे सूर आठवले, एकही चुकला नसेल, पैज लावा. पण त्या गाण्यात दोनदा वरचा आवाज गप्प होतो आणि बाकीचे तिघे पुढे जातात. किती वेळ, ते मी कधी मोजलंच नाही. मास्तर मागे उभे असायचे. खांद्यावर बोट टेकवायचे, की मी सुरू व्हायचो.

त्या दोन जागा अजून कोऱ्या आहेत.