गेटपर्यंतचे सोळा फूट

आठवड्यातून तीनदा सकाळी सातला आईला डायलिसिसला न्यावं लागायचं. उशीर झाला की तेवढी मिनिटं तिच्या वेळेतून कापली जात. आणि नेमकी शेजाऱ्याची गाडी आमच्या गेटपुढे आडवी उभी असायची. हॉर्न वाजवला की तो दाढीचा फेस पुसत बाहेर यायचा. "काहून टेन्शन घेऊन राहिले भाऊ? दोन मिनिटांत काढतो ना!" ती दोन मिनिटं मी घड्याळ लावून मोजली होती, अकराच्या आत कधीच संपली नाहीत.

एका रविवारी मी टेप घेऊन रस्त्यावर उतरलो. त्याच्या दारापुढच्या विजेच्या खांबापासून आमच्या गेटपर्यंत सोळा फूट भरले. त्याची गाडी तेरा फुटांची, म्हणजे मधे सहज मावायला हवी. पण त्यातले चार फूट मीच गेटबाहेरच्या कण्हेरीला जाळी लावून अडवले होते. पुन्हा मोजलं, आकडा बदलला नाही.

त्याच दुपारी मी जाळी काढली, कण्हेर अंगणात हलवली आणि गेटच्या कडेला पांढरी रेघ मारली. त्याला बोलावून सांगितलं, "चूक माझी होती. आता जागा आहे. पण ही रेघ ओलांडायची नाही."

तो हसला. "तीन फूट उरून राहिले भाऊ. कूलर ठेवू काय तिथं?"

"नको. तो रस्ता आहे."

मंगळवारी आमची गाडी सरळ बाहेर निघाली. मागच्या सीटवरून आई म्हणाली, "आज हॉर्न काहून नाही वाजवला गा?"

आम्ही दहा मिनिटं आधी पोचलो.